व्हेंटिलेटरच्या अलीकडे : नवजात अर्भकाची श्वसनविफलता

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. बाळाला 'पेटीत' ठेवले की दुसऱ्या दिवशी घरातील एखादे वडीलधारे मला जिन्यात गाठतात आणि विचारतात, "डॉक्टर, व्हेंटिलेटर अजून का लावला नाही?" २०२० नंतर हा शब्द घरोघरी पोहोचला. बेळगावात राहणाऱ्यांच्या तोंडी तो आहे, तसाच खानापूर, चंदगड, निपाणीहून बाळ घेऊन येणाऱ्यांच्याही तोंडी आहे. खरा उपचार तो, आणि बाकीची सारी चालढकल, असा समज त्यामागे असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. नवजात अर्भकाच्या श्वसनविफलतेत व्हेंटिलेटर ही जवळजवळ शेवटची पायरी होय. बाळाचे बरेवाईट बहुधा तिच्या अलीकडच्या पायऱ्यांवर ठरते, आणि त्यांतील दोन तर बाळ जन्मण्याच्याही आधीच्या आहेत.

प्रथम थोडे शरीरक्रियाशास्त्र. समव्यवसायी मित्रांना ते ठाऊकच आहे. परंतु ही स्मरणिका त्यांच्या घरची मंडळीही वाचतात, म्हणून मित्रांनी क्षणभर धीर धरावा. गर्भाशयात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. हा द्रव बाहेरून शिरलेला नसतो, फुप्फुसेच तो स्रवतात. प्राणवायूचा पुरवठा वारेतून होत असल्याने फुप्फुसांकडे रक्तही थोडेच जाते. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तातील ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि आजवर द्रव स्रवणाऱ्या पेशी तोच द्रव शोषून घेऊ लागतात. मग पहिला श्वास येतो, वायुकोश उघडतात, फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्ताचा प्रवाह आपली दिशा बदलतो. नऊ महिने पाण्यात राहिलेला जीव काही मिनिटांत हवेचा होतो. हा पालट होण्यास निरोगी बाळालाही वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला त्याच्या रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ६० ते ६५ टक्केच असते आणि ८५ ते ९५ पर्यंत पोहोचायला दहा मिनिटे लागू शकतात. त्यामुळे जन्मतःच बाळ किंचित निळसर दिसले म्हणून कोणी घाबरून जाऊ नये.

घाबरायचे केव्हा, हे सांगतो. नवजात बाळ शांत असताना मिनिटाला साधारण ४० ते ६० वेळा श्वास घेते. साठाच्या वर गती टिकून राहिली तर दखल घ्यावी. मात्र श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा, कारण नवजाताची लय मुळातच अनियमित असते आणि पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची आपली सवय येथे फसवते. आपल्याकडील आजीबाई 'पोट उडतंय' म्हणतात. त्यांचे निरीक्षण चुकीचे नसते; पण निरोगी बाळाचेही पोट श्वासाबरोबर हलते. खरे पाहायचे ते बरगड्यांच्या मध्ये आणि छातीच्या हाडाखाली पडणारे खळगे, फुललेल्या नाकपुड्या आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर येणारा कण्हण्याचा आवाज. १९५६ साली सिल्व्हरमन आणि अँडरसन यांनी या लक्षणांना गुण देण्याची पद्धत घातली. अपगार गुणांशी तिची गल्लत करू नये. तेथे दहा म्हणजे उत्तम. येथे दहा म्हणजे सर्वांत वाईट, आणि सातच्या वर गेलेले बाळ विफलतेच्या उंबरठ्यावर असते. सर्वांत फसवे लक्षण मात्र शांततेचे. धापा टाकणारे बाळ एकाएकी मंद श्वास घेऊ लागले आणि कण्हणे थांबले की नातेवाइकांना 'आता झोपलं' असे वाटते. प्रत्यक्षात ते थकलेले असते.

दिवस पूर्ण न भरलेल्या बाळाचा श्वास का थकतो, याच्या उत्तराला वैद्यकशास्त्राला तीस वर्षे लागली. १९२९ साली कुर्ट फॉन नेरगार्ड याने दाखवून दिले की, फुप्फुस हवेने फुगवण्यास जेवढा दाब लागतो त्याहून पुष्कळ कमी दाबाने ते द्रवाने भरता येते. म्हणजे फुप्फुसाचा बराचसा विरोध हवा आणि द्रव यांच्या सीमेवरील पृष्ठताणाचा. जर्मन भाषेतील तो निबंध पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. नंतरचा धागा विषारी वायूंच्या लष्करी संशोधनातून आला, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. इंग्लंडमध्ये पॅटल यांनी १९५५ साली फुप्फुसातून निघणाऱ्या फेसाचे बुडबुडे न फुटता टिकतात हे पाहिले, आणि अमेरिकेत क्लेमंट्स यांनी १९५७ साली फुप्फुसातील द्रवाचा पृष्ठताण प्रत्यक्ष मोजला. वायुकोशांना आतून एका स्निग्ध द्रव्याचा लेप असतो आणि त्यामुळे उच्छ्वासाच्या शेवटी ते मिटून चिकटत नाहीत, असे यातून सिद्ध झाले. हेच सर्फॅक्टंट. साबणाचे पाणी फुगा धरते आणि साधे पाणी धरत नाही, तसा हा प्रकार.

१९५९ साली मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी मृत बालकांच्या फुप्फुसांतील द्रव तपासला. ज्यांच्या वायुकोशांत काचेसारखा पापुद्रा आढळत असे, त्यांच्या फुप्फुसांतील द्रवाचा पृष्ठताण उतरतच नव्हता. तोपर्यंत सर्वांचे लक्ष त्या पापुद्र्यावर खिळलेले होते; तो कोठून येतो आणि काढावा कसा, याचीच चर्चा चाले. एव्हरींनी तेथे काय आहे याऐवजी काय नाही ते पाहिले. सर्फॅक्टंट साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तयार होऊ लागते, पण पुरेसे होण्यास चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो.

कारण कळले म्हणून उपचार लगेच आला नाही. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि त्याचे वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते. त्याला बॉस्टनला नेऊन उच्चदाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवण्यात आले. ३९ तासांनी ते बाळ दगावले. तेव्हाच्या जगातील कोणतेही साधन त्याला नाकारले गेले नव्हते. आज त्याच दिवसांचे आणि त्याच वजनाचे बाळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातून आईच्या कुशीत घरी जाते, आणि पुष्कळदा व्हेंटिलेटरशिवाय जाते. मधल्या काळात काय घडले ते पाहू.

पहिली पायरी आईच्या दंडातील एका सुईची आहे. न्यूझीलंडमधील प्रसूतितज्ज्ञ लिगिन्स हे मेंढ्यांमध्ये प्रसूती कशी सुरू होते याचा अभ्यास करीत होते. गर्भातील कोकरांना स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेले एक कोकरू, ज्या वयात त्याने श्वास घेणे अशक्यच मानले जाई त्या वयात, श्वास घेत राहिले. लिगिन्स आणि त्यांचे सहकारी हाउई यांनी मग मातांवर रीतसर चाचणी केली आणि १९७२ साली ती प्रसिद्ध झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वसनविकार आणि मृत्यू दोन्ही घटले. तरीही अमेरिकेत याची सर्वसाधारण शिफारस व्हायला १९९४ साल उजाडले. बावीस वर्षे! कॉक्रेन या संस्थेचे बोधचिन्ह पाहिले असेल, तर त्यातील आडव्या रेषा याच इंजेक्शनाच्या चाचण्यांच्या आहेत.

या कथेचा पुढचा अध्याय आपल्या दाराशी घडला. सहा देशांतील एक मोठी चाचणी २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या भारतीय केंद्रांत नागपूर आणि आपले बेळगाव ही दोन्ही होती. ग्रामीण पातळीवर हे इंजेक्शन सर्वदूर पोहोचविल्यास काय होते, असा प्रश्न होता. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकंदर नवजात मृत्यू तर किंचित वाढलेलेच आढळले. अनेकांनी तेव्हा इंजेक्शनालाच दोष दिला. माझे मत तेव्हाही वेगळे होते. दिवस नीट मोजलेले नसताना पूर्ण दिवसांच्या गर्भाला दिलेले आणि पुढे बाळाची काळजी घेण्याची सोय नसताना दिलेले औषध उपयोगी पडेल कसे? २०२० साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत २,८५२ गर्भवतींवर केलेली जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत गर्भाचे वय सोनोग्राफीने निश्चित केले होते आणि नवजात कक्ष हाताशी होता. नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. म्हणून प्रसूतितज्ज्ञ आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की, पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा कागद जपून ठेवण्यास प्रत्येक गर्भवतीला बजावून सांगा. चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथॅसोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी एक, असे चार वेळा. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१४ पासून पहिला डोस देऊन मग पुढे पाठविण्याची मुभा उपकेंद्रातील नर्सलाही दिलेली आहे. गाडीची वाट पाहण्याच्या वेळातच ही सुई देऊन होते.

दुसरी पायरी थोडी नाजूक आहे, कारण ती आपल्या समाजाच्या सवयीशी निगडित आहे. ठरवून करावयाच्या सिझेरियनसाठी पंचांग पाहून दिवस आणि घटिका मागणारी कुटुंबे आता विरळ राहिलेली नाहीत. सुशिक्षित घरांत तर हे अधिक. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु मुहूर्त सदतिसाव्या आठवड्यात निघाला तर त्याची किंमत बाळ मोजते. कळा नाहीत, म्हणून संप्रेरकांची ती लाट नाही, म्हणून फुप्फुसांतील द्रव ओसरलेला नाही. डेन्मार्कमधील २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात, नैसर्गिक प्रसूतीच्या तुलनेत कळांपूर्वीच्या सिझेरियननंतर श्वसनविकाराची शक्यता ३७ आठवड्यांना जवळजवळ चौपट, ३८ ला तिप्पट आणि ३९ ला दुपटीच्या आसपास आढळली. आईच्या किंवा बाळाच्या प्रकृतीचे कारण असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबणेच धोक्याचे. पण निव्वळ सोयीसाठी असेल, तर पंचांगातील एकोणचाळिसाव्या आठवड्यानंतरचे पान उघडावे. त्यातही शुभ दिवस असतातच.

आता पहिले मिनिट. शंभरांतील सुमारे दहा बाळांना जन्मतः श्वास सुरू करण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेकांना पुसून कोरडे करणे, ऊब देणे, पाठ चोळणे एवढे पुरते. उरलेल्यांना मास्क आणि फुगा. छातीवर दाब किंवा औषधे शंभरात एखाद्यालाच. या मदतीत शंभर टक्के प्राणवायूच हवा, ही पूर्वीची ठाम समजूत होती. तिला धक्का देणाऱ्या पहिल्या चाचण्यांपैकी एक दिल्लीची. सिद्धार्थ रामजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखविले की, गुदमरलेल्या बाळाला साध्या हवेने दिलेले श्वास तितकेच उपयोगी ठरतात. २०१० पासून पूर्ण दिवसांच्या बाळासाठी साध्या हवेनेच सुरुवात करावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. सिलिंडर शोधण्यात जे मिनिट जाते ते वाचले, हा त्याचा मोठाच लाभ. आणि हे कौशल्य केवळ पदवीधरांचे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना बाळाचे श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गावर उपचार करणे शिकविले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देते, त्यांचे मूळ तेथे आहे.

पुढची पायरी कण्हण्यातून सापडली. आजारी बाळ उच्छ्वास सोडताना स्वरयंत्र अर्धवट मिटते, जेणेकरून फुप्फुसांत थोडा दाब राहावा आणि वायुकोश मिटू नयेत. कण्हणे हा बाळाने स्वतःवर चालविलेला उपचारच आहे. श्वासनलिकेत नळी घातली की हे कण्हणे बंद होते आणि प्राणवायूची पातळी उलट खालावते. हे ध्यानात घेऊन जॉर्ज ग्रेगरी यांनी बाहेरून सतत सौम्य दाब देण्याची युक्ती केली. १९७१ च्या त्यांच्या अहवालात वीसपैकी सोळा बाळे वाचली. हेच सीपॅप. नाकातील दोन छोट्या नळ्या आणि पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडविलेले दुसरे टोक, ही त्याची सर्वांत सोपी आवृत्ती. बुडबुड्यांचा आवाज चालू आहे तोवर दाब चालू आहे. नातेवाइकांना ही बाटली फारच क्षुल्लक वाटते. एका गृहस्थांनी तर 'हे फिशटँकचं काय लावलंय' असे विचारले होते. १९८७ साली एव्हरी यांनीच अमेरिकेतील आठ केंद्रांची तुलना केली, तेव्हा फुप्फुसांचा जुनाट विकार सर्वांत कमी आढळला तो सीपॅपचा आग्रह धरणाऱ्या कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रात.

सीपॅप वेळेवर लावूनही प्राणवायूची गरज तीस टक्क्यांपलीकडे वाढत राहिली, तर सर्फॅक्टंट. जपानचे फुजिवारा यांनी १९८० साली गाईच्या फुप्फुसापासून बनविलेले सर्फॅक्टंट दहा बाळांना दिले आणि तेथून नवे युग सुरू झाले. आता ते बारीक नळीवाटे, बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच देता येते. औषध महाग आहे हे खरे. पण पहिल्या काही तासांत दिलेल्या मात्रेचा उपयोग उशिरा दिलेल्या मात्रेने भरून निघत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू मधूनच श्वास घ्यायचे विसरतो, त्याला कॅफीन. २००६ सालच्या चाचणीत, ज्यात योगायोगाने बाळेही २,००६ होती, कॅफीनमुळे फुप्फुसांच्या जुनाट विकाराचे प्रमाण ४७ वरून ३६ टक्क्यांवर आले. कॉफीला नाके मुरडणाऱ्या चहाबाजांनी याची नोंद घ्यावी.

पूर्ण दिवसांच्या बाळांची दुखणी निराळी. येथे केवळ काही खुणा नोंदवितो. गर्भमल मिसळलेल्या पाण्यातील निपचित बाळाच्या श्वासनलिकेत सरसकट नळी घालून ती ओढून काढण्याची प्रथा २०१५ पासून मागे पडली आहे. श्वास देण्यास विलंब करू नये. रडताना गुलाबी आणि शांत झाले की निळे पडणारे बाळ दिसल्यास नाकाचा मागचा मार्ग बंद आहे का पाहावे. पोट खपाटीला गेलेले आणि हृदयाचे ठोके उजवीकडे ऐकू येणारे बाळ असेल, तर श्वासपटलाच्या हर्नियाची शंका घ्यावी व मास्कने फुगा दाबू नये, नळीच घालावी. उजव्या हाताची संपृक्तता पायापेक्षा दहा टक्क्यांनी अधिक असेल, तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावलेल्या नाहीत. अशा बाळासाठी नायट्रिक ऑक्साइड, सिल्डेनाफिल आणि होय, व्हेंटिलेटर हे सारे लागू शकते. तेथे मी एक क्षणही थांबत नाही.

बाळ हलविणे हाही उपचारच आहे. खानापूरच्या पश्चिमेकडील पाड्यांवरून पावसाळ्यात निघालेले बाळ शहरात पोहोचते तेव्हा पुष्कळदा त्याचे पाय बर्फासारखे असतात. गारठलेल्या बाळाची प्राणवायूची गरज वाढते आणि उरलेसुरले सर्फॅक्टंटही नीट काम करीत नाही. गाडीत बाळ आईच्या किंवा मावशीच्या उघड्या छातीशी, टोपी घालून, वरून पांघरूण घेऊन आणावे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत, जिच्यात दिल्लीही होती, जन्मानंतर लगेच अशी त्वचास्पर्शी ऊब मिळालेल्या लहान बाळांत मृत्यूचे प्रमाण १५.७ ऐवजी १२ टक्के राहिले. कक्षात आईला बाळापाशी ठेवणे यासाठीच. निघण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा आणि चिठ्ठीत जन्माची वेळ, वजन, आईला दिलेली इंजेक्शने व शेवटचे दूध केव्हा दिले ते लिहावे. सरकारी रुग्णवाहिका आणि नवजाताचा सरकारी रुग्णालयातील उपचार २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार विनामूल्य आहे, हेही अनेक घरांना अद्याप ठाऊक नसते.

शेवटी प्राणवायूविषयी. तो औषध आहे, म्हणून त्याला मात्रा आहे. १९४० ते १९५५ च्या दरम्यान पेटीत मुक्तहस्ते दिलेल्या प्राणवायूने जगभर सुमारे दहा हजार मुले दृष्टिहीन झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची संपृक्तता ९० ते ९५ टक्क्यांत ठेवावी. यंत्रावर शंभर दिसले की समाधान मानू नये, प्राणवायू कमी करावा. आणि चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचा डोळ्याचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावा, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ घरी जाते, बारसे होते, पाहुणे येतात आणि नेमकी हीच तारीख विसरली जाते. म्हणून घरी सोडण्याच्या कागदावर मी ती सर्वांत वर, लाल शाईने लिहून देतो.